शाळेतले शिकणे, शिकवणे आणि तंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात संगणक, टॅब, डिजिटल फळा आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यापासून पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही प्रश्नांचा निकाल दोन वाक्यांत लागतो, तर काहींवर थांबावे लागते. बहुतेक उत्तरांमागची कसोटी मात्र एकच आहे: एखादे साधन वापरताना विचार करण्याचे काम मुलाकडे राहते, की साधन ते त्याच्या हातून काढून घेते?

तंत्रज्ञानामुळे शाळेत नेमके काय बदलले आहे?

तीन गोष्टी ठळकपणे बदलल्या आहेत. पहिली म्हणजे माहितीचा ठावठिकाणा. पाठ्यपुस्तक, ग्रंथालय आणि शिक्षक यांच्यापाशीच असणारी माहिती आता कोणत्याही मुलाला काही क्षणांत मिळते, त्यामुळे माहिती सांगणे हे शिक्षकाचे मुख्य काम उरलेले नाही. ती पारखायला, जोडायला आणि वापरायला शिकवणे हे काम वाढले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे चूक कळण्याचा वेळ. गृहपाठाची वही तपासून परत मिळेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असे आणि लाल शाईची खूण पाहून मूल पान उलटून टाकत असे. आज चांगल्या सरावसाधनात चूक त्याच मिनिटाला समोर येते, म्हणजे मुलाच्या डोक्यात तो विचार ताजा असतानाच. तिसरी गोष्ट सर्वांत अलीकडची आहे: घरून लिहून आणलेला मजकूर हा मुलाच्या आकलनाचा पुरावा मानता येईल, याची खात्री आता देता येत नाही.

हे सगळे नवीन आहे का?

नाही. प्रश्न विचारून उत्तर बरोबर की चूक हे सांगणारे यंत्र सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात तयार केले होते, बी. एफ. स्किनर यांचे अध्यापन यंत्र १९५० च्या दशकातले आहे आणि इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकाधारित शिक्षणप्रणाली १९६० मध्ये सुरू झाली. चलच्चित्रामुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्येच केले होते. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, आणि प्रत्येक वेळी तीच आशा व्यक्त झाली. पुस्तके टिकली, शिक्षकही टिकले. हा इतिहास सांगण्यामागे तंत्रज्ञानाला कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रत्येक नव्या साधनाबरोबर येणारी आश्वासने जुनीच असतात, एवढे खरेदी करणाऱ्यांच्या लक्षात यावे. नवीन आहे ते असे की उपकरणे घरोघरी पोहोचली आहेत, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संवादसाधन सर्वांसाठी खुले झाल्यापासून बोलल्यासारखे लिहून विचारलेल्या जवळपास कोणत्याही प्रश्नाला अशी साधने सलग, सुबक उत्तर देतात.

तंत्रज्ञानाने मुले खरोखर अधिक शिकतात, याचा पुरावा आहे का?

आहे, आणि न शिकल्याचाही आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की फरक कशाने पडतो ते कळते.

पेरू देशात ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांतील मुलांना ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कार्यक्रमातून लॅपटॉप देण्यात आले. सुमारे सव्वा वर्षानंतर मुलांची चाचणी घेतली, तेव्हा गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. मुले संगणक हाताळण्यात तरबेज झाली होती, पण कोणत्या धड्यासाठी, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली तो वापरायचा, हे कोणी पुरेसे ठरवलेलेच नव्हते.

याउलट दिल्लीत माध्यमिक इयत्तांच्या मुलांसोबत एक प्रयोग झाला, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा सुटल्यावर मुले एका केंद्रात येत. तेथे निम्मा वेळ सॉफ्टवेअरवर सराव आणि निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणे असे. हे सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न पाहता त्याची प्रत्यक्ष पातळी शोधून तेथून सुरुवात करत असे. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत या मुलांची प्रगती इतर मुलांपेक्षा बरीच जास्त झाली, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना त्यांच्या आधीच्या संथ गतीच्या तुलनेत याचा विशेष लाभ झाला. त्याच अभ्यासात असेही दिसले की एका वर्गात बसलेल्या मुलांच्या पातळीत कित्येक इयत्तांचे अंतर असते. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांसाठी एकच पान उघडते. ही अडचण कोणत्याही कष्टाळू शिक्षकाला परिचयाची आहे आणि पट मोठा असला की ती एकट्याने सुटत नाही. तंत्रज्ञान येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, कारण ते शिक्षकाला न झेपणारे काम करते आणि तरीही उत्तर शोधण्याचे काम मुलाकडेच ठेवते.

‘पातळीनुसार शिकवणारे’ सॉफ्टवेअर चांगले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

ते चुकीचे नुसते गुण कापते की चुकीमागचा विचार शोधते, हे पाहावे. एक उदाहरण घेऊ. मुलांना दोन प्रश्न दिले: ०.४५ आणि ०.६ यांतली मोठी संख्या कोणती, आणि ०.७५ आणि ०.६ यांतली मोठी कोणती? एका मुलीला वाटते की दशांशचिन्हापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी. ती पहिल्या प्रश्नात ०.४५ लिहिते आणि चुकते, दुसऱ्यात ०.७५ लिहिते आणि ते बरोबर येते. शेजारच्या मुलाला नेमके उलटे वाटते: अंक जास्त झाले म्हणजे तुकडे बारीक झाले, म्हणून संख्या लहान. तो दोन्ही वेळा ०.६ लिहितो, त्यामुळे त्याचे पहिले उत्तर बरोबर आणि दुसरे चूक ठरते. दोघांनाही दोनपैकी एक गुण मिळतो. गुणपत्रिकेत ही मुले सारखीच दिसतात, पण दोघांची समजूत परस्परविरुद्ध आहे आणि दोघांना वेगवेगळा धडा हवा आहे.

साधे सॉफ्टवेअर दोघांनाही ‘पन्नास टक्के’ सांगून आणखी दहा उदाहरणे देईल. चांगले सॉफ्टवेअर उत्तरांचा आकृतिबंध ओळखून पहिलीला दशांश आणि शतांश स्थानांकडे नेईल, दुसऱ्याला ०.६ म्हणजेच ०.६० हे संख्यारेषेवर दाखवेल, आणि शिक्षकाच्या पडद्यावर कोणत्या मुलांची कोणती समजूत चुकली आहे हे नावानिशी ठेवेल. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवत असताना आपण असाच एखादा प्रश्न मुद्दाम चुकवून पाहावा. पुढे काय होते त्यावरून बरेच काही कळते.

शिक्षकाची जागा यंत्र घेईल का?

शिक्षकाच्या कामातले काही भाग यंत्राकडे जातील आणि जावेत: हजेरी, वस्तुनिष्ठ प्रश्न तपासणे, सरावासाठी प्रश्नसंच काढणे, निकालाचे तक्ते भरणे. या कामांत शिक्षकांचे तास जातात आणि त्यातून मुलाला फारसे काही मिळत नाही.

शिकवण्याचा गाभा मात्र नात्यात आहे. कोविडच्या काळात बोट्स्वानात शाळा बंद असताना काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे प्रश्न साध्या मोबाइलवर संदेशाने पाठवले गेले, तर काहींना संदेशाबरोबर शिक्षकाचा छोटा फोनही गेला. नुसत्या संदेशांचा परिणाम तुटपुंजा होता. फोनवरून माणूस बोलला तेथे मुलांचे शिकणे स्पष्टपणे वाढले. उपकरण दोन्हीकडे तेच, अगदी साधे. कोणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे, ही जाणीव मुलाला बसते करते. मान खाली घालून बसलेल्या मुलाला आज काहीतरी खुपते आहे, हे ओळखणे आणि त्याच्यासाठी प्रश्न थोडा सोपा करून त्याला पुन्हा उभे करणे, हे काम शिक्षकाचेच आहे.

व्हिडिओ पाहून विषय समजतो का?

समजल्यासारखे वाटते, आणि धोका त्यातच आहे. हृदयाच्या झडपा कशा उघडतात किंवा भूकवच कसे सरकते, हे हलत्या चित्रातून जितके स्पष्ट होते तितके फळ्यावरच्या आकृतीतून होत नाही. पण पाहणे आणि आठवणे या भिन्न क्रिया आहेत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवत होते. वाचणाऱ्यांना मात्र आपल्यालाच जास्त आठवेल असा विश्वास होता. म्हणून व्हिडिओ थोडा दाखवावा, थांबवावा, ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे, आणि संपल्यावर पडदा बंद करून मुलांना वहीत आकृती काढायला सांगावी. शेवटची पाच मिनिटे यासाठी राखून ठेवली नाहीत, तर तो तास करमणुकीत गेला असे समजावे.

मुलांनी अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी का?

हा आज सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यावर एक अतिशय बोलका प्रयोग उपलब्ध आहे. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावाच्या वेळी तीन गटांत विभागले. एका गटाला नेहमीप्रमाणे वही आणि पुस्तक, दुसऱ्याला चॅटजीपीटीसारखे साधे संवादसाधन, आणि तिसऱ्याला असे साधन की जे सरळ उत्तर न देता शिक्षकांनी तयार केलेल्या सूचना टप्प्याटप्प्याने देत असे. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी चांगली होती. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. साधे संवादसाधन वापरलेला गट कोणतीही मदत न मिळालेल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. सूचना देणारे साधन वापरलेल्या गटाचे हे नुकसान जवळपास झाले नाही, पण सरावातली मोठी आघाडीही परीक्षेत दिसली नाही.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. सरावातले वाढलेले गुण हे शिकण्याचे गुण नव्हते. मुले उत्तर मागत होती आणि उतरवून घेत होती. गणितात जो क्षण कष्टाचा असतो, म्हणजे पुढची पायरी सुचत नाही आणि मूल पेन्सिल चावत कागदाकडे पाहत राहते, त्याच क्षणी शिकणे घडत असते. तो क्षण कोणी भरून काढला की उदाहरण सुटते आणि मूल तसेच राहते.

त्यामुळे वापराचा क्रम महत्त्वाचा ठरतो. मुलाने आधी स्वतः प्रयत्न करावा आणि तो कागदावर दिसावा. नंतर साधनाला ‘उत्तर दे’ असे न म्हणता ‘माझ्या या पायरीत चूक कुठे आहे, उत्तर न सांगता इशारा दे’ असे विचारावे. आपला निबंध देऊन त्यातला कच्चा युक्तिवाद दाखवायला सांगणे, इतिहासाच्या धड्यावर आपल्यालाच प्रश्न विचारायला लावणे, भाषेचा संवादसराव करणे, हे सगळे उत्तम उपयोग आहेत. लहान मुलांनी मात्र ही साधने एकट्याने वापरू नयेत.

गृहपाठ यंत्राने लिहिला आहे हे ओळखणारी साधने वापरावीत का?

त्यांच्या भरवशावर कोणत्याही मुलाला दोषी ठरवू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने असे एक साधन काढले होते आणि अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये स्वतःच बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधने मोठ्या प्रमाणावर ‘यंत्राचे’ ठरवतात, कारण त्यांची शब्दसंपदा मर्यादित आणि वाक्यरचना सरळ असते. प्रामाणिकपणे लिहिलेल्या मुलावर चोरीचा आळ येणे ही साधी चूक नव्हे. ते मूल पुन्हा मन लावून लिहील याची शाश्वती राहत नाही.

यावर उपाय गृहपाठ बदलण्यात आहे. कच्चा आराखडा, पहिला खर्डा आणि अंतिम लेख असे तिन्ही मागावेत, लेखनाचा काही भाग वर्गातच करून घ्यावा, आणि लेख हाती आल्यावर दोन मिनिटे मुलाशी बोलावे: ‘हा परिच्छेद इथे का घेतलास?’ ज्याने लिहिले आहे तो उत्तर देतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता चुकीची माहिती देते का?

होय, आणि चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देते. ही साधने पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत मजकूर तयार करतात. खरे-खोटे पडताळणे हा त्या प्रक्रियेचा अंगभूत भाग नाही. ज्या भाषांतला मजकूर इंटरनेटवर कमी आहे त्यांत, आणि स्थानिक इतिहासासारख्या विषयांत, चुकांची शक्यता अधिक असते. ही त्रुटी अध्यापनासाठी वापरताही येते: यंत्राने दिलेले उत्तर गटांना वाटून त्यातल्या चुका पाठ्यपुस्तकाच्या आणि अन्य संदर्भांच्या आधारे शोधायला लावाव्यात.

वाचन कागदावर व्हावे की पडद्यावर?

सलग, माहितीपर मजकूर समजून घ्यायचा असेल तर कागदाला प्राधान्य द्यावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले असता, माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन थोडे पण सातत्याने सरस दिसले, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. गोष्टींच्या बाबतीत तो आढळला नाही. पडद्यावर आपण भरभर नजर फिरवतो, ही सवय येथे आड येते. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तके आणि हाताने लिहिण्याकडे पुन्हा लक्ष वळवले, त्यामागे अशीच काळजी होती. अक्षरओळख होत असलेल्या वयात तर हाताने अक्षर गिरवण्याला पर्याय नाही, कारण वळण घडवताना मूल अक्षराचा आकार बारकाईने पाहायला शिकते.

मोबाइल फोन वर्गात असावा का?

शिक्षकाने ठरवलेल्या कामापुरता असावा, एरवी नसावा. ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये सहभागी झालेल्या, ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या सदस्य देशांतील सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले की गणिताच्या किमान काही तासांना डिजिटल उपकरणांमुळे त्यांचे लक्ष विचलित होते. शेजारच्याच्या पडद्यामुळे आपले लक्ष उडते असे सांगणारेही निम्म्याहून अधिक होते, म्हणजे हा प्रश्न एकट्या मुलाच्या संयमाचा नाही. फ्रान्सने २०१८ मध्येच प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत फोनच्या वापरावर कायद्याने बंदी आणली.

मुलांच्या डोळ्यांचे काय?

दर वीस मिनिटांनी नजर दूर वळवावी, पडदा हातभर अंतरावर ठेवावा आणि मुख्य म्हणजे मुलांना दिवसाउजेडी बाहेर पाठवावे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवून दिला, तेव्हा तीन वर्षांत नव्याने मायोपिया, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याचा दोष, जडलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले, तर इतर शाळांत ते ३९.५ टक्के होते. खेळाचा तास कापून संगणकाचा तास वाढवणाऱ्या वेळापत्रकाला पालकांनी हरकत घ्यावी.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञान किती उपयोगी आहे?

या एका क्षेत्रात तंत्रज्ञानाने दिलेले वचन सर्वांत जास्त पाळले आहे, असे आमचे ठाम मत आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर अंध विद्यार्थ्याला इतरांच्याच वेळी तोच धडा वाचू देते. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने ते २००६ मध्ये लिहायला घेतले. ऐकू कमी येणाऱ्या मुलीला बोलण्याचा मजकूर पडद्यावर उमटलेला दिसतो. हात नीट न चालणारा मुलगा बोलून निबंध लिहितो. वाचनात अडखळणारे मूल शब्द ऐकत ऐकत ओळीवर बोट ठेवते. येथे साधन विचार काढून घेत नाही, विचारापर्यंतची वाट मोकळी करते.

अट अशी की साहित्य तसे बनवलेले असावे. पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ केली, की वाचक-सॉफ्टवेअरला त्यात अक्षरे दिसत नाहीत, फक्त चित्र दिसते, आणि अंध मुलासाठी ते पान कोरे राहते. शिक्षकांनी टंकलिखित मजकूर द्यावा आणि आकृत्यांचे वर्णन शब्दांत लिहावे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

घरी इंटरनेट किंवा उपकरण नसलेल्या मुलांचे काय?

युनिसेफच्या अंदाजानुसार २०२० मध्ये शाळा बंद असताना जगातील किमान ४६.३ कोटी मुलांना दूरस्थ शिक्षण मिळूच शकले नाही. म्हणून घरच्या उपकरणावर अवलंबून असलेला गृहपाठ गुणांसाठी धरू नये. साहित्य एकदा उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालावे, शाळेतले संगणक तासांनंतर काही वेळ खुले असावेत आणि प्रत्येक डिजिटल कामाला कागदावरचा तितक्याच तोलाचा पर्याय असावा. घरात एकच फोन असला तर तो आधी भावाच्या हाती जातो की बहिणीच्या, हेही शिक्षकांनी विचारून पाहावे.

मुलांची माहिती सुरक्षित राहते का?

आपोआप राहत नाही. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांत वापरल्या गेलेल्या शैक्षणिक साधनांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ८९ टक्के साधने मुलांची खासगी माहिती धोक्यात आणू शकतील अशा पद्धतीने ती हाताळत असल्याचे आढळले. गणिताच्या ॲपला मुलाचे ठिकाण, संपर्कयादी किंवा कॅमेरा लागण्याचे कारण नसते. अशी परवानगी मागितली तर नाकारावी. पालकांनी शाळेला लेखी विचारावे की कोणती माहिती घेतली जाते, ती कोठे साठवली जाते आणि कोणाला दिली जाते.

नवे साधन घेण्यापूर्वी शाळेने काय ठरवावे?

आधी अडचण लिहून काढावी. ‘आम्हाला डिजिटल फळा हवा आहे’ ही अडचण नव्हे. ‘पाचवीतल्या बऱ्याच मुलांना भागाकार जमत नाही आणि कोणाचे कुठे अडते ते कळत नाही’ ही अडचण आहे. मग एका-दोन वर्गांत एखादे सत्र साधन वापरून पाहावे आणि ते वापरलेल्या शिक्षकांचे मत मुख्याध्यापकांच्या मतापेक्षा जास्त वजनाचे मानावे. प्रशिक्षण एका दिवसात उरकू नये. शिक्षकाने वर्गात वापरून पाहिल्यावर जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे मिळण्याची सोय वर्षभर हवी. वीज गेली, यंत्र बिघडले किंवा नूतनीकरणाचे पैसे वाढले तर काय करायचे, हे खरेदीच्या आधी ठरलेले असावे. करार संपल्यावर मुलांच्या सर्व नोंदी शाळेला वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळतील आणि कंपनीकडच्या प्रती पुसून टाकल्या जातील, अशी अट करारात स्पष्ट शब्दांत घालून घ्यावी.